दोन ते चारचा पहारा

मी लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आधी माफी मागून ठेवतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. घरात कोणाच्या हातचं लिहिलेलं काही सापडलंच, तर ते सप्ताहाच्या वहीत सापडेल, आणि गेली काही वर्षं त्या वहीतलं अक्षर माझंच आहे. लेख वगैरे लिहिणं हे दुसऱ्यांचं काम, असंच मी समजत आलो. पण तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या मॅडमनी 'बातम्या आणि समाज' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. मी चार पानं लिहिली. बातम्यांची चॅनेलं आमच्यासारख्या देवभोळ्या माणसांना कशी दाखवतात, यावर मी बराच रागावलो होतो. मॅडमनी समासात एकच ओळ लिहून वही परत केली: 'तुमच्या गावातलं एखादं उदाहरण द्या.'

उदाहरण माझ्याकडे होतं. ते मी दिलं नाही. आज देतो आहे.

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत आहे. एसटीतून उतरलं की वीस मिनिटं चालावं लागतं. दरवर्षी चैत्रात गावात सप्ताह असतो. देवळापुढे मांडव पडतो, सात दिवस पारायण, भजन, कीर्तन चालतं, आणि शेवटच्या दिवशी काल्याला पंचक्रोशी जेवते. या सात दिवसांत एक वीणा अखंड उभी असते. अखंड म्हणजे खरोखर अखंड. एक माणूस वीणा गळ्यात घालून नाम घेत उभा राहतो, त्याच्या जोडीला दुसरा टाळ घेऊन. दोन तास झाले की पुढची जोडी येते. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मग पहिला मोकळा होतो. लहानमोठा, भाऊबंद, वैरी असं काही त्या वेळी बघायचं नसतं. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. याला आम्ही पहारा म्हणतो, आणि कोणाचा पहारा किती वाजता ही यादी वहीत असते.

सगळ्यात मागणी असते ती कीर्तनाच्या वेळच्या पहाऱ्याला. तेव्हा मांडव भरलेला असतो, बायका-पोरं बघत असतात. दुपारी दोन ते चारचा पहारा कोणालाच नको असतो. जेवणं झालेली, ऊन तापलेलं, मांडवात चिटपाखरू नाही. तो पहारा वर्षानुवर्षं बुवा घ्यायचे.

बुवा म्हणजे आमच्या गावचे भजनी बुवा. शेती करणारेच, पण गावातल्या निम्म्या लोकांना टाळ धरायला त्यांनी शिकवला. माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली तीही त्यांनीच, मी दहावीत असताना. माळ घातल्यापासून मी मांसमच्छी सोडली. कॉलेजच्या कँटीनमध्ये मित्र अजून चिडवतात. 'अंड्याला पण बाटतोस का रे महाराज?' असं विचारतात आणि माझ्या वाटची भजी खातात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

बुवांची मतं जुनी होती, आणि खरं सांगायचं तर माझीही बरीचशी तीच आहेत. गावात दारूचं दुकान नको, एकादशीला कोंबडं कापायचं नाही, देवाधर्माची चाड असलेल्या माणसालाच मत द्यायचं. बुवा हे उघड बोलायचे. पण मांडवात कोणाचा फलक लागू द्यायचे नाहीत. एका वर्षी एका पुढाऱ्याच्या माणसांनी सप्ताहाला मोठी कमान देऊ केली, वर पुढाऱ्याचा फोटो. बुवांनी तोच पुढारी निवडून यावा म्हणून घरोघर सांगितलं होतं. तरी कमानीला ते नाही म्हणाले.

'अवो बुवा, आपलाच मानूस हाय ना,' असं कोणीतरी म्हणालं.

'आपला हाय म्हनूनच सांगतो. त्याला सांग, आत येऊन टाळ घेऊन उभा रा. फोटो उभा ऱ्हात नाय दोन तास.'

पुढारी काही आला नाही. मत मात्र बुवांनी त्यालाच दिलं. मला या दोन्ही गोष्टी एका माणसात बघायला मिळाल्या, म्हणून सांगतो.

गावात दोन पार्ट्या आहेत. बुवांचा पुतण्या एकीकडे आणि माझे बाबा दुसरीकडे. दोघंही माळकरी, दोघंही धर्माचंच बोलणारे. फरक काय, तर ग्रामपंचायत कोणाकडे असावी एवढाच. एरवी तो फरक दिसत नाही. निवडणूक जवळ आली की पाणी भरण्याची वेळसुद्धा त्यावर ठरते. ज्या वर्षाची गोष्ट सांगतो आहे, त्या वर्षी सप्ताह झाला की महिन्याभरात निवडणूक होती.

मुरबाडमध्ये एक जण फोनवर बातम्यांचं चॅनेल चालवतो. तालुक्यातले बरेच लोक त्याचं बघतात. मी त्याला म्हटलं होतं की तुम्ही भांडणं आणि अपघात तेवढे दाखवता, आमच्या सप्ताहाचं चांगलं काही दाखवा. तो म्हणाला, 'तूच काड नि पाठव, लावतो.' मला ते फार मोठं काम वाटलं. आपल्या श्रद्धेची बातमी आपणच सांगायची. मी रोज थोडं थोडं शूटिंग करू लागलो. पंगत, पोथीला बसलेली माणसं, रांगोळ्या घालणाऱ्या बायका.

चौथ्या दिवशी दुपारी बुवांचा जोडीदार लग्नाला गेला होता, म्हणून टाळ घेऊन मी उभा राहिलो. त्या आधी फोन पेटीच्या खोक्याला टेकवून ठेवला आणि शूटिंग चालू केलं. म्हटलं, रिकाम्या मांडवात दोनच माणसं नाम घेताहेत, हे दिसलं पाहिजे. नंतर फोनची आठवणच राहिली नाही.

तीनच्या सुमारास मी पाणी प्यायला माठाजवळ गेलो. बुवांनीच जा म्हटलं होतं. त्यांचा स्वतःचा उपास होता. पेला तोंडाला लावला, तेवढ्यात नामाचा आवाज थांबला. वळून बघतो तर बुवा खाली बसले होते. पडले नव्हते, पाय दुमडून हळूच बसावं तसे बसले होते. दोन्ही हातांनी त्यांनी वीणा उभी धरली होती, पण भोपळा सतरंजीला टेकला होता. मी धावत गेलो, वीणा माझ्या गळ्यात घेतली. मलाच नाम घ्यायला सुचेना. बुवा म्हणाले, 'नाम घे. तोंड बंद नको ठेवू.'

पाच-दहा मिनिटांनी त्यांना बरं वाटलं. पाणी प्यायले नाहीत. त्यांनी नारळ फोडला, वीणेपुढे लोटांगण घातलं, आणि बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, 'देवाला सांगितलं. आता भजनाच्या टायमाला लोकांना सांगतो. वीणा टेकली, माज्याकडून टेकली.'

आणि मी म्हणालो, 'कशाला सांगता, बुवा? कोनी पाह्यलं नाय.'

मला वाटतं, त्या दिवशी ते फार थकले होते. एरवी त्यांनी माझं ऐकलं नसतं. ते म्हणाले, 'बघ बाबा. तू शिकलेला हायस.' संध्याकाळी ते काही बोलले नाहीत.

सहाव्या दिवशी मी सगळे व्हिडिओ चॅनेलवाल्याला पाठवून दिले. सगळे उघडून बघितले नव्हते. पहाऱ्याचा लांबलचक होता, त्याची सुरुवात तेवढी बघितली होती. छान आली होती.

काल्याच्या दिवशी दुपारपर्यंत बातमी गावभर झाली होती. अर्ध्या मिनिटाचा तुकडा होता. रिकामा मांडव, खाली बसलेले बुवा, सतरंजीला टेकलेली वीणा. मी धावत येतो त्याच्या अगोदरच तो संपत होता. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं की सप्ताहात वीणेचा अवमान, गावात संताप. तोपर्यंत गावात कोणाला काही ठाऊकच नव्हतं. ठाऊक झाल्यावर मात्र संताप झाला. बातमी आधी आली, संताप तिच्यामागून आला.

मी त्या माणसाला फोन केला.

तो शांत होता. 'बातमी खोटी हाय का? वीना खाली टेकली का नाय?'

'टेकली. पन पुढं बघा ना. मी घेतली, नारळ फोडला...'

'ते कोन बघनार? आनि तुजं नाव टाकलं नाय मी. ते बरं समज.'

मी फोन ठेवला. तो जे म्हणाला त्यात खोटं काय होतं, हे मला आजही पटकन सांगता येत नाही. पुढे निबंधात मी लिहिलं की बातमीवाले खोटं दाखवतात. यांनी खरं दाखवलं होतं, पण माझ्या येण्याआधी तोडून. आणि ते त्यांना पुरवलं होतं मी.

दोन दिवसांनी देवळात बैठक बसली. आमच्या पार्टीच्या लोकांचा आवाज मोठा होता, आणि त्यातही बाबांचा. बाबा वाईट माणूस नाहीत. वीणा टेकली याचं त्यांना खरोखर दुःख झालं होतं, रात्री ते जेवले नव्हते. पण निवडणूक तोंडावर होती आणि ते दुःख कुठल्या बाजूच्या कामी येईल तेही त्यांना कळत होतं.

'ज्यांना वीना सांबाळता येत नाय, ते गाव काय सांबाळनार?' असं ते पुतण्याकडे बघून म्हणाले.

कोणीतरी बुवांना विचारलं, 'जोडीला कोन होतं तुमच्या?'

मी बाबांच्या बाजूला वही मांडीवर घेऊन बसलो होतो. यादीत लग्नाला गेलेल्याचं नाव होतं, माझं नव्हतं. व्हिडिओ कोणी काढला हे कोणी विचारलंच नाही, सप्ताहात सगळेच फोनवर काही ना काही काढत असतात. बुवा माझ्याकडे बघतील म्हणून मी मान खाली घातली. ते म्हणाले, 'कोनी नव्हतं. मी एकलाच होतो.'

बुवांना मी तोवर खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. देवळात तर नाहीच. मला वाटलं, चक्कर आली होती, विसरले असतील. असं वाटून घेणं सोयीचं होतं. नारळ फोडला, लोटांगण घातलं, हेही ते बोलले नाहीत. ते बोलायला साक्षीदार लागला असता.

बैठकीत ठरलं की पुढच्या वर्षापासून बुवांचं नाव यादीत नको. बाबा मला म्हणाले, 'लिव.' आणि मी लिहिलं. दोन ते चारच्या रांगेत त्यांच्या नावावर रेघ मारली. पेन चालत नव्हतं म्हणून दोनदा मारावी लागली.

निवडणूक आमच्या पार्टीने जिंकली. पावसाळ्याच्या आधी बुवा आसनगावला लेकीकडे राहायला गेले.

त्या वर्षात मी देवासमोर पुष्कळदा माफी मागितली. देवाने केली असेल असं वाटायचं, आणि तेवढ्याने भागत नाही हेही वाटायचं. माझी श्रद्धा कमी झाली नाही. उलट तिचाच त्रास होत होता. श्रद्धा नसती तर मी म्हटलं असतं की एक वाद्य होतं, सतरंजीला टेकलं, त्यात काय. पण मला वीणा टेकल्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. म्हणून बुवांना काय वाटत असेल ते मला कळत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी शहापूरला मावशीकडे गेलो होतो, तिथून आसनगावला गेलो. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेलो. लेकीचं घर स्टेशनच्या जवळ, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. बुवा टीव्हीसमोर खुर्चीवर बसले होते. बातम्या लागल्या होत्या, पण आवाज बंद होता. सहा जण सहा चौकोनांत बसून ओरडत होते.

'आवाज नाय येत का, बुवा?'

'मीच बंद केलाय. नुसती तोंडं बगतो. कोन रागावलाय ते कळतं, तेवडं बास.' मग थोडं हसून म्हणाले, 'धर्मासाटी भांडतायत म्हने. त्यो निळ्या कोटातला बघ. त्याला टाळ धरता येत असंल का रं?'

त्यांची लेक आतून म्हणाली, 'दिवसभर हेच चालतंय यांचं. जावई म्हनतो, निदान चॅनेल तरी बदला.'

'त्याला काय कळतंय. तो पास काढून लोकलमदी झोपतो.'

चहा आला. मी फोन टीपॉयवर ठेवला होता. बुवांनी त्याच्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, 'तो जरा पालथा ठेव.'

मी फोन पालथा ठेवला. तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत आहे. पेटीच्या खोक्यापाशी टेकवलेला फोन त्यांनी त्याच दिवशी बघितला असणार, बैठकीतही त्यांच्या लक्षात असणार. विसरले वगैरे काही नव्हते. जे सांगायला आलो होतो ते राहूनच गेलं. बुवांनी पीक कसं आहे, तिसऱ्या वर्षाला काय विषय घेतलेस, माळ आहे ना गळ्यात, हे विचारलं. निघताना मी पाया पडलो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'जिना उतरताना बगून. लाईट नाय खाली.'

बाबांना मी फाल्गुनात सांगितलं. आम्ही राब भाजत होतो. भाताची रोपं जिथे करायची ती जमीन आमच्याकडे शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून आधी भाजून घेतात. आग पेटली की दोघांनी दोन बाजूंनी उभं राहून ती पसरू द्यायची नसते. मधे धूर होता, बाबांचं तोंड नीट दिसत नव्हतं, म्हणून बोलता आलं असेल. मी सगळं सांगितलं. टाळ, माठ, फोन, नारळ, आणि 'कोनी पाह्यलं नाय' हे माझं वाक्य.

बाबा बराच वेळ हातातल्या ओल्या फांदीने कडेची आग दाबत राहिले.

'मी देवळात बोललो तवा तू बाजूलाच बसला होतास ना?'

'हो.'

'मला बोलू दिलंस.'

मी माझ्या बाजूला पसरणारी आग मागे लोटली. घरी परतताना ते म्हणाले, 'यादीची बैठक परवा हाय. उभा राहून सांग. मी नाय सांगनार तुज्यासाटी.'

मी उभा राहून सांगितलं. मला वाटलं होतं की लोक चिडतील, मारायला उठतील, कदाचित माळ काढ म्हणतील. तसं काही झालं नाही. कोणीतरी म्हणालं, 'कॉलेज शिकून हेच काय?' दोघं-तिघं हसले. एक जण घड्याळ बघत म्हणाला, 'झाली ना आता इलेक्शन. सोडा. टाका बुवांचं नाव परत.' दोन मिनिटांत विषय संपला आणि मांडवाच्या पत्र्यांवर बोलणं सुरू झालं. ज्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाला गाव सोडावं लागलं, त्याचं आता कोणालाच काही नव्हतं. मला शिव्या बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी वहीत दोन ते चारच्या रांगेत बुवांचं नाव पुन्हा लिहिलं. बाबा म्हणाले, 'जोडीला माजं लिव.'

बुवांना कळवायचं कसं, असा प्रश्न आला. मी फोन करतो म्हटलं. बाबा म्हणाले, 'फोन नको.' दुसऱ्या दिवशी ते पांढरा सदरा घालून पहिल्या एसटीने गेले आणि संध्याकाळी परत आले. आईने विचारलं, 'काय म्हनले?' तर म्हणाले, 'चहा दिला.' एवढंच. बुवा येणार की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

सप्ताह बसला तेव्हा माझी तिसऱ्या वर्षाची परीक्षा चालू होती. मी मुरबाडला एका मित्राच्या खोलीवर राहत होतो. पहिल्या दिवशी चार वाजता घरी फोन करावासा वाटला, पण केला नाही. पेपर बरा गेला की नाही ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर बाहेर आलो तर कॉलेजच्या गेटजवळ बाबा उभे होते. कपाळाला बुक्का, पायांवर धूळ. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्या कॉलेजपाशी आले होते. आत यावं की नाही हे न कळून वॉचमनच्या खुर्चीपासून जरा लांब थांबले होते.

'काय झालं? बाबा, काय झालं?'

'काय नाय झालं. बुवा आले काल.'

'वीणा घेतली?'

'नाय.' बाबांनी घाम पुसला. 'टाळ घेतला. म्हनले, माजे गुडगे आता भरवशाचे नायत. वीना माज्या गळ्यात घातली त्यांनी. आनि माज्या पाया पडले रे.'

पहाऱ्यात सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. ते मला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. तरी त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुन्हा तोंड पुसलं. आम्ही दोघं गेटपाशी उभे राहिलो, पोरं आमच्या बाजूने जात होती.

मग बाबा म्हणाले, 'हे सांगायला फोन करनार होतो. पन बुवा म्हनले, पोराला जाऊन सांग.'

'अजून काय म्हणाले?'

'परवा तुजा पेपर नाय ना? परवाचा दोन ते चार त्यांनी तुज्यासाटी ठेवलाय. वीना तू घ्यायची, टाळ ते धरनार.' बाबा एसटी स्टँडकडे चालायला लागले होते. मागे न बघता म्हणाले, 'आनि फोन घरी ठेवून ये म्हनलेत.'